पार्श्वभूमी: ऊसतोडीच्या मुलांची शाळा गावात की फडाजवळ?

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या शाळांचा पट कागदावर तेवढाच राहतो आणि वर्ग रिकामे होतात. हंगामी वसतिगृहे उशिरा सुरू झाल्याच्या, अर्धीच भरल्याच्या बातम्याही त्याच सुमारास येतात. त्यांच्यामागे एक जुना, न मिटलेला वाद आहे. आई-बाप पाच-सहा महिने ऊसतोडीला गेले, तर मुलाने शिकायचे कुठे?

पहिली तीन-चार दशके हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी पहिला सहकारी कारखाना उभा राहिला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड, पाथर्डी, शेवगाव, आष्टी, पाटोदा या भागांतून जाणाऱ्या मजुरांच्या टोळ्या वाढतच गेल्या. मजुरीचा हिशेब कोयत्यावर होता आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार; तो उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना जोडी मोजतो, मूल मोजत नाही. पण फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसात, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करणे, पाणी आणणे, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्याला सांभाळणे, भाकऱ्या थापणे ही कामे मुलांचीच होती आणि आजही आहेत. गावाकडे गुरुजी नाव पटावरून काढत नसत, कारण पट घसरला की शिक्षकाचे पदही जाते. त्यामुळे मूल फडात आणि नाव शाळेत अशी विभागणी होऊन गेली.

नव्वदच्या दशकात साखरशाळा आल्या आणि २००० नंतर त्यांना वेग आला. काही स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या आवारात, कोप्यांच्या शेजारीच पत्र्याच्या किंवा पाचटाच्या आडोशाला वर्ग भरवले. शिकवायला अनेकदा मजुरांच्याच भागातली शिकलेली तरुण मुले-मुली असत. एका वर्गात पहिली ते चौथी, कडेवर धाकटी भावंडे, तरी वर्ग भरे. मूल आई-बापाजवळ राहत होते आणि दिवसाचे तीन-चार तास त्याच्या हातात पाटी होती.

मर्यादाही उघड होत्या. साखरशाळा पोहोचल्या त्या मुख्यतः बैलगाडीवाल्यांच्या मुलांपर्यंत, कारण त्यांचा तळ कारखान्याजवळ असतो. ट्रकवर ऊस भरणाऱ्या टोळ्या आज या शिवारात, तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या शिवारात. त्यांच्या मुलांना ही शाळा दिसलीच नाही. दुसरे म्हणजे साखरशाळेत झालेल्या शिक्षणाची गावच्या शाळेत नोंद होईलच याची खात्री नव्हती. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मूल गावी परतायचे आणि परीक्षा द्यायचे ते आपण मध्ये कुठे शिकलो हे कागदावर न येताच.

निर्णायक वळण शिक्षण हक्क कायद्याचे. कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला नियमित शाळा मिळाली पाहिजे आणि शाळेला इमारत, शिक्षक, स्वच्छतागृह यांचे ठरावीक निकष लागू झाले पाहिजेत, असे ठरले. पाचटाच्या आडोशातली शाळा त्यात बसणे शक्य नव्हते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी झाली. साखरशाळा हळूहळू गुंडाळल्या गेल्या आणि दोन पर्याय उरले. एक, मुलाने कारखान्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसायचे आणि त्यासाठी गावच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक, म्हणजे दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून दाखला, द्यायचे. दोन, मुलाने गावातच राहायचे आणि तिथे हंगामापुरते वसतिगृह चालवायचे.

निर्णयामागचा युक्तिवाद समतेचा होता आणि तो खोटा नव्हता. मजुरांच्या मुलांसाठी वेगळी, कमअस्सल शाळा कशासाठी? बागायतदाराचे मूल ज्या बाकावर बसते त्याच बाकावर तोडकऱ्याचे का बसू नये? शिवाय साखरशाळा म्हणजे स्थलांतरावर शिक्कामोर्तब, मूल फडाशेजारी राहिले तर तेरा-चौदाव्या वर्षी त्याच्या हाती कोयता येणारच, असेही म्हटले जात होते. साखरशाळा चालवणाऱ्यांचे उत्तर अगदी साधे होते: मूल जिथे आहे तिथे शाळा हवी.

या वादात माझा कल साखरशाळा चालवणाऱ्यांच्या बाजूकडे झुकतो. हेतू चुकीचा होता असे मी म्हणत नाही, क्रम चुकला. पर्यायी व्यवस्था उभी राहण्याआधी होती ती बंद झाली. कारखान्याजवळची शाळा नकाशावर दोन किलोमीटरवर असते. पण आई-बाप पहाटे तीन-चारला फडात गेले की घरातल्या आठ वर्षांच्या मुलीकडे तान्हे मूल असते. ते घेऊन ती साखरशाळेत बसू शकत होती, जिल्हा परिषदेच्या तिसरीत बसू शकत नाही. हमी पत्रक बापाच्या पेटीत घडी होऊन पडते. टोळी सीमेपलीकडे बेळगाव भागात गेली असेल तर समोरची शाळा कन्नड असते.

गावातल्या वसतिगृहाची कल्पना तत्त्वाने सर्वांत चांगली. मूल आपल्या शाळेत, आपल्या मित्रांत, आजी-आजोबांजवळ राहते. पण 'वसतिगृह' हा शब्द इथे फसवा आहे. बहुतेक ठिकाणी मुले तिथे दोन वेळा जेवतात आणि झोपायला नातेवाइकांकडे जातात. गावातली शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते, दर मुलामागे ठरावीक रक्कम मिळते आणि मंजुरी अनेकदा टोळ्या निघून गेल्यावर येते. आजी थकलेली असेल किंवा नसेलच, तर आई मुलाला गाडीत घालून नेते. मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल तर तिला मागे ठेवायची भीती वेगळीच.

आता 'शाळाबाह्य' या शब्दाकडे येतो. राज्यात रूढ व्याख्येप्रमाणे सलग महिनाभर गैरहजर असलेले मूल शाळाबाह्य. केंद्राच्या योजनांत ही मुदत ४५ दिवसांची धरली गेली. त्या हिशेबाने पाच महिने फडात असलेले मूल शाळाबाह्य ठरायला हवे. प्रत्यक्षात नाव पटावर असते, हमी पत्रक दिलेले असते, म्हणून त्याची नोंद 'स्थलांतरित' अशी होते. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचा शोध घेतला गेला. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. आकडा पन्नास हजारांच्या आसपास आला आणि क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तो मानला नाही, खरी संख्या लाखांत आहे असे ते म्हणत राहिले. ऊसतोडीपुरते बोलायचे तर त्या दिवशीच उत्तर ठरलेले होते. जुलैत तोडकरी आपल्या गावी असतो, शेतात पेरणी झालेली असते आणि मूल शाळेत असते.

मुदतीचा हा घोळ चौदा वर्षांपर्यंतचा. त्यापुढे शिक्षण हक्क कायद्याचे छत्रच नाही. आठवी झाली की मुलगा अर्धा कोयता होतो. मुलीचे लग्न ठरते, कारण एकट्या मुलाला उचल कमी आणि जोडीला पूर्ण. लग्नाने घरात एक कोयता वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक निघाले. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. कमी वयातले लग्न, लागोपाठची बाळंतपणे आणि खाडा झाला तर कापला जाणारा पैसा अशी ती साखळी होती. पण त्या चर्चेत या स्त्रिया चौदाव्या वर्षी कुठे होत्या, हे फारसे विचारले गेले नाही.

टाळेबंदीनंतर हालचाल झाली. मार्च-एप्रिल २०२० मध्ये हजारो कुटुंबे लेकरांसह कारखान्यांवर अडकली आणि कोप्यांत किती मुले राहतात हे शहरांनी प्रथमच पाहिले. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ निवासी वसतिगृहांची योजना जाहीर झाली. प्रत्येक तालुक्यात एक मुलांचे, एक मुलींचे, प्रत्येकी शंभर जागा. निधीसाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढेच शासनाकडून, असे सूत्र ठरले. सुरुवात भाड्याच्या इमारतींत झाली. इथे मूल खरोखरच रात्री राहते, हा हंगामी वसतिगृहापेक्षा मोठा फरक. पण तालुक्यात मुलींसाठी शंभर जागा आणि तोडीला जाणारी गावे पन्नास-साठ, हा हिशेब सगळ्यांनाच दिसतो.

तिथले प्रवेश शाळेबरोबर जून-जुलैत होतात. मुकादमाची उचलही त्याच पावसाळ्यात घरात येते, आणि ती किती कोयत्यांची घ्यायची हे तेव्हाच ठरते.