एक्सएसएलटीमधील टेम्प्लेटचा क्रम: एक जुना गैरसमज

एक्सएसएलटी ही एक्सएमएल दस्तऐवजांचे (टॅगनी बांधलेल्या मजकुराचे) रूपांतर करणारी भाषा आहे. तिच्या स्टाइलशीटमधील, म्हणजे नियमांच्या फाइलीतील, टेम्प्लेट (एकेक नियम) वरून खाली, लिहिलेल्या क्रमाने चालतात, हा समज बरीच वर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे. प्रोसेसर, म्हणजे स्टाइलशीट चालवणारा प्रोग्राम, मूळ दस्तऐवजाच्या मुळापासून सुरुवात करतो आणि 'अप्लाय-टेम्प्लेट्स' ही सूचना ज्या नोडकडे (दस्तऐवजाच्या घटकाकडे) नेईल, त्या प्रत्येक नोडला जुळणारे टेम्प्लेट शोधतो.

एकाच नोडला अनेक टेम्प्लेट जुळल्यास आधी इम्पोर्टची श्रेष्ठता पाहिली जाते, म्हणजे आयात करणारी फाइल आयात झालेल्या फाइलीवर मात करते, आणि मग प्राधान्य ('प्रायॉरिटी'). हे प्राधान्य स्वतः दिले नसेल, तर ते टेम्प्लेट कशाला जुळते हे सांगणाऱ्या नमुन्यावरून ठरते: कोणत्याही एलिमेंटला (टॅगने बांधलेल्या घटकाला) जुळणाऱ्या तारांकित नमुन्याला उणे ०.५, नुसत्या नावाला ० आणि चौकटी कंसातील अट असलेल्या नमुन्याला ०.५ मिळते. यातही बरोबरी झाली, तर १९९९ च्या १.० आवृत्तीनुसार ती चूक ठरते, पण प्रोसेसरला शेवटचे टेम्प्लेट निवडून पुढे जाण्याची मुभा आहे. गैरसमजाला खतपाणी मिळते ते बहुधा या मुभेमुळेच.

हे नियम समजले की सर्वांत उपयुक्त तंत्र हाती येते: प्रत्येक नोड जसाच्या तसा उतरवणारे एक सर्वसाधारण टेम्प्लेट लिहावे आणि बदल हवा तेवढ्याच एलिमेंटसाठी नेमके टेम्प्लेट जोडावे. 'टीप' एलिमेंट गाळायचे असेल, तर त्या नावाचे रिकामे टेम्प्लेट पुरते, आणि ते फाइलीत सर्वांत वर ठेवले तरी निकाल तोच येतो. बरोबरीची शक्यता दिसेल तेथे मात्र 'प्रायॉरिटी' स्पष्टपणे लिहावी.