सायकल म्हणजे अर्धी मोटार

सकाळी साडेआठला आमच्या फाट्यावर उभं राहिलं की दुभाजकाची एक जागा लगेच ओळखू येते. तिथली कण्हेर पायांखाली जाऊन जाऊन खुरटली आहे, काठावरचा काळा-पिवळा रंग घासून सिमेंट उघडं पडलं आहे, आणि कोणीतरी पायरी म्हणून एक दगड आणून ठेवला आहे. कापूस वेचायला निघालेल्या बाया इथूनच पलीकडच्या वावरात जातात. शाळेच्या मुली दोघी मिळून सायकल उचलतात. एक पुढचं चाक धरते, दुसरी मागचं कॅरिअर. पूर्वी इथे दुभाजकात कट होता. लागोपाठ दोन अपघात झाले आणि तो बुजवला. आता वळायचं तर पुढचा कट दोन किलोमीटरवर, म्हणजे समोरच्या पानठेल्यापर्यंत जायला चार किलोमीटर. तेवढं कोणी जात नाही. मोटारसायकलवाले सरळ उलट्या बाजूने येतात, बाकीचे दगडावर पाय देऊन चढतात.

नागपूर-अमरावती हा रस्ता आता कागदोपत्री ५३ क्रमांकाचा आहे, पण लोक अजून 'सहा नंबर' म्हणतात. त्यावर असे फाटे पावलोपावली आहेत, आणि ते रस्ता चौपदरी होण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. त्यानंतर वऱ्हाडात रस्त्यांचं मुख्य काम एकच होतं: वावरातला कापूस जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, आणि जिनातली गाठ स्टेशनावर नेणं. गावची पांदण मोठ्या रस्त्याला जिथे लागली तिथे फाटा पडला. बंडी, म्हणजे बैलगाडी, तासाला चार-पाच किलोमीटर चालते. वळण कसं आहे, समोरचं किती लांबून दिसतं, याची तेव्हा कोणाला पडलेली नव्हती.

देशातल्या रस्त्यांची राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि ग्रामीण अशी जी विभागणी आजही चालते, तीही विदर्भाच्याच मातीत ठरली. डिसेंबर १९४३ मध्ये ठिकठिकाणचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. ती 'नागपूर योजना' म्हणूनच ओळखली जाते. शेतीच्या भागातलं कोणतंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून लांब नसावं, हे तिचं एक उद्दिष्ट. त्या काळी हा मोठाच विचार होता. पण त्यात गावच्या माणसाला हमरस्त्यापर्यंत पोचवण्यावर सगळा भर होता. पोचल्यावर तो रस्ता ओलांडेल कसा, हे विचारण्याइतक्या मोटारीच रस्त्यावर नव्हत्या.

मग एसटी आली. 'हात दाखवा, बस थांबवा' योजनेने तर फाट्याचा थांबाच करून टाकला. थांबा झाला की पानठेला, पंक्चरवाला, खताचं दुकान मागोमाग येतातच. शाळेला जागा मिळाली ती रस्त्याच्या पलीकडे, कारण मोकळी जागा तिकडेच होती. पुढे मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या. विदर्भातले बरेच तालुके त्यात आहेत. आठवीतच शाळा सुटायची ती थांबली, ही त्या सायकलींची खरी कमाई. फक्त त्या सायकली चालवायच्या कुठल्या रस्त्याने, याचा हिशेब वेगळ्या खात्याकडे होता, आणि तो वेगळ्याच पद्धतीने मांडलेला होता.

रस्ता रुंद करायचा का, हे वाहनं मोजून ठरतं. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या कोष्टकात प्रत्येक वाहनाला मोटारीच्या मापात बसवलं आहे. बैलगाडी म्हणजे आठ मोटारी, कारण ती हळू चालते आणि मागच्यांना अडवते. सायकल म्हणजे अर्धी. पायी माणूस त्या कोष्टकात नाहीच. यात कोणाचा दुष्टावा नाही. ते कोष्टक रस्त्यात किती वाहनं मावतील हे सांगण्यापुरतं आहे. पण चौपदरीकरणाचा जीव त्याच आकड्यात असतो, त्यामुळे बंडीचा अडथळा दूर करायला दोन पदर वाढले आणि जो मोजलाच नाही त्याच्या वाट्याला दुभाजक आला.

पायी माणसासाठी निराळं गणित आहे. त्याच संस्थेच्या १९८८ च्या पादचारी मार्गदर्शिकेत गर्दीच्या तासाला ओलांडणारी माणसं गुणिले वाहनसंख्येचा वर्ग, असं सूत्र दिलं आहे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर हा गुणाकार २० कोटींच्या वर गेला तर क्रॉसिंग द्यावं. मूळ सूत्र इंग्लंडातलं. समजा आमच्यासारख्या फाट्यावर तासाला हजार वाहनं आणि ऐंशी माणसं आहेत. गुणाकार येतो ८ कोटी, नापास. आणखीही निकष आहेत, पण पाच-पन्नास घरांच्या गावाला हा आकडा गाठता येत नाही. शिवाय भीतीपोटी ज्या म्हाताऱ्यांनी पलीकडे जाणंच सोडलं, तेही माणसांच्या संख्येतून वजा झालेले असतात.

ओलांडायला वेळ किती लागतो पाहा. एका बाजूचे दोन पदर सात मीटर, कडेची पट्टी धरून साडेआठ. अभियंते चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे सात सेकंद. चौपदरी रस्त्यावर ट्रकला ८० ची मुभा आहे. सात सेकंदांत तो दीडशे मीटरहून जास्त येतो. मोटारीला १०० ची. डोक्यावर कापसाचं गाठोडं असलेल्या बाईचा वेग १.२ नसतो, आणि दुभाजकातल्या कण्हेरीमागे उभी असलेली सातवीतली मुलगी मोटारवाल्याला दिसतही नाही.

केंद्राच्या अहवालानुसार २०१६ मध्ये देशात १५,७४६ पादचारी रस्त्यावर मेले. २०२२ मध्ये ३२,८२५. त्या वर्षी रस्त्यावर गेलेल्या सगळ्यांमधले सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातले होते. फाट्याला 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे अपघातप्रवण जागा, म्हणवून घ्यायचं तर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात लागतात, किंवा दहा मृत्यू. त्यांची पोलिसात नोंदही लागते. आमच्याकडे कोपर फुटलं, चाक वाकलं, तर ट्रकवाल्याकडून पाचशे रुपये घेऊन प्रकरण पानठेल्यावरच मिटतं.

कायद्यात जागा झाली ती उशिरा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दोन कलमं आली: एक पादचारी आणि सायकलींसाठी राज्यांनी नियम करावेत असं, दुसरं रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल ठेकेदाराला आणि यंत्रणेला एक लाखापर्यंत दंडाचं. नियम राहून गेले म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली.

इथे पेंचचं उदाहरण हमखास निघतं. त्या जंगलातून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाखाली, महाराष्ट्राच्या हद्दीत, वन्यप्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधले आहेत. त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा. विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला होता. कॅमेऱ्यांत वाघ त्याखालून जाताना दिसले. चांगलंच झालं. पण आमच्या फाट्यावर ओलांडायची सोय मागणाऱ्या ग्रामसभेच्या ठरावाला 'मूळ प्रकल्प अहवालात तरतूद नाही' असं उत्तर आलं, तेव्हा पानठेल्यावर एकाने सुचवलंच, की पुढचा अर्ज वाघाच्या नावाने टाका.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात काही मंडळी येऊन मुलींच्या सायकलींना मडगार्डवर लाल रेडियम चिकटवून गेली. फोटो झाले. रेडियम मागून येणाऱ्याला दिसतं. रस्ता ओलांडताना सायकल आडवी असते.