झालेल्या कामाचे इंग्रजी : कोकण किनारपट्टीवरील वापर

एखादे काम पुरे झाले आहे, ते आता करायचे राहिलेले नाही, हे सांगण्यासाठी रोजच्या इंग्रजीत काही छोटे वाक्प्रयोग आहेत. 'आय हॅव ऑलरेडी ईटन', 'इट्स डन', 'द बोट हॅज जस्ट लेफ्ट', 'वी हॅव रन आउट ऑफ फिश' ही त्यांतली नेहमीची उदाहरणे. कोकणातील मराठी माणसाला ती घरगुती निवासात उतरलेल्या पाहुण्यांशी बोलताना, आंब्याची पेटी रवाना केल्याचे कळवताना किंवा जहाजावरच्या नोकरीत लागतात. ती समजायला इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा आपल्याच बोलण्याकडे नीट कान देणे अधिक उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मराठीत क्रिया पूर्ण झाल्याची खूण क्रियापदाच्या शेपटाला असते. शाळेत पूर्ण वर्तमानकाळ म्हणून शिकवलेले 'मी आंबा खाल्ला आहे' बोलताना 'खाल्लाय' होते आणि 'आहे'चा फक्त 'य' उरतो. इंग्रजीत हे काम 'हॅव' किंवा 'हॅज' आणि क्रियापदाचे तिसरे रूप मिळून करतात, आणि वेळेची छटा 'ऑलरेडी', 'जस्ट', 'येट' हे शब्द देतात. 'ऑलरेडी' हा शब्द 'ऑल' आणि 'रेडी' जोडून बनला, म्हणजे मुळात 'पुरते तयार'. दक्षिण कोकणात एक वेगळी अडचण येते. मालवणीत 'मी इलंय' म्हणजे 'मी आलो'. प्रमाण मराठीच्या कानाला त्यातला 'य' 'आहे'चा वाटतो, पण तो 'मी'चा प्रत्यय आहे ('मी जातंय', 'मी करतंय' यांतही तोच दिसतो). म्हणून 'य' ऐकू आला की 'हॅव' लावायचे, हा सोपा नियम मालवण-कुडाळकडे चालत नाही.

'ऑलरेडी'ला 'आधीच' हा प्रतिशब्द शब्दकोशात सापडतो, पण मराठी तेच बहुतेक वेळा सहायक क्रियापदाने सांगते. 'त्याला सांगून ठेवलंय', 'मसाला वाटून ठेवलाय', 'नांगर टाकून ठेवलाय' यांतल्या 'ठेवणे'त पुढच्या वेळेची सोय आधीच करून ठेवल्याचा भाव आहे, आणि तो इंग्रजीत न्यायचा तर 'आय हॅव ऑलरेडी टोल्ड हिम' असेच म्हणावे लागते. 'उरकलं', 'आटोपलं' यांत काम डोक्यावरून उतरल्याची सुटका आहे. तिथे 'आय हॅव गॉट इट डन' जवळचे. 'जेवून झालं' याला 'आय हॅव फिनिश्ड ईटिंग'. 'जेवण झालं का?' ही तर आपली विचारपूस. तिचे शब्दशः 'इज युवर फूड ओव्हर?' केले तर पाहुण्याला ताटातले अन्न संपले का, असे विचारल्यासारखे वाटेल. 'हॅव यू ईटन?' एवढे पुरते. अमेरिकी माणूस त्याच जागी 'डिड यू ईट ऑलरेडी?' म्हणेल, तेही बरोबरच.

प्रश्नात 'येट' की 'ऑलरेडी', हा फरकही मराठीला ठाऊक आहे. 'झालं का?' म्हणजे 'हॅव यू फिनिश्ड येट?' आणि 'एवढ्यात झालं पण?' म्हणजे 'हॅव यू फिनिश्ड ऑलरेडी?' दुसऱ्यात आश्चर्य आहे. सोलकढीची वाटी क्षणात रिकामी झालेली पाहून यजमानीणबाई कौतुकाने विचारतात तो हा दुसरा प्रश्न.

सर्वांत जास्त घोटाळा तारखेशी होतो. 'मी काल पेटी पाठवलीय' हे मराठीत अगदी शुद्ध आहे, म्हणून 'आय हॅव सेंट द बॉक्स यस्टरडे' सहज तोंडात येते. इंग्रजीत मात्र 'काल', 'परवा', 'सकाळी नऊला' असा सरलेला ठरावीक वेळ आला की 'हॅव' गळते आणि नुसते 'सेंट' उरते. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले. हे सांगताना 'शिवाजी महाराज हॅज स्टार्टेड धिस फोर्ट इन १६६४' असे म्हटले की चूक झाली, 'स्टार्टेड' म्हटले की ठीक. हापूसचेही तसेच. 'आमच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय' याला 'हॅज गॉट' चालते, कारण मानांकन आज हातात आहे. पण ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना २०१८ मध्ये मिळाले, असे साल घालून सांगायचे तर 'गॉट'. याच्याच शेजारची चूक 'होतो'ची. 'मी काल रत्नागिरीला गेलो होतो' याचे 'आय हॅड गॉन' करतात. तिथे साधे 'आय वेंट' हवे. 'हॅड' तेव्हाच, जेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी झालेल्या गोष्टीच्या आधीची गोष्ट सांगायची असते: 'आम्ही जेटीवर पोचलो तेव्हा बोट सुटली होती'.

चाकरमान्यांच्या मुलखात 'गॉन' आणि 'बीन' हा भेद तर घरोघरचा आहे. 'ही हॅज गॉन टू मुंबई' म्हणजे तो मुंबईला गेलाय, अजून तिकडेच आहे. 'ही हॅज बीन टू मुंबई' म्हणजे जाऊन आलाय. इंग्रजी शिकणारी मुले जगभर इथे अडखळतात. कोकणातल्या मुलाला मात्र 'गेलाय' आणि 'जाऊन आलाय' यांतला फरक लहानपणापासून कळतो, कारण गणपतीला कोण घरी असणार हे त्यावर ठरते. हा भेद शिकवताना मास्तरांनी फळ्यावर काळांचे तक्ते काढण्याआधी ही दोन मराठी वाक्ये लिहावीत.

'ओव्हर'चे क्षेत्र आपण फार वाढवले आहे. लिलाव, सभा, हंगाम यांना ते शोभते: हर्णैच्या किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव संपला की 'द ऑक्शन इज ओव्हर', आणि १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठली की 'द बॅन इज ओव्हर'. पण बांगडा संपला तर 'बांगडा इज ओव्हर' हे भारताबाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. तिथे 'वी हॅव रन आउट' किंवा 'इट्स ऑल गॉन'. 'डन'चीही एक गंमत स्वयंपाकघरात कळते. पाहुण्याने 'इज द फिश डन?' विचारले तर तो मासा शिजला का विचारतो आहे, संपला का नव्हे. आणि 'आय ॲम डन' म्हणजे माझे झाले. प्रसंगी त्याचा अर्थ 'आता पुरे, मी कंटाळलो' असाही होतो, म्हणून पाहुण्याच्या आवाजाकडे लक्ष द्यावे.

उलट बाजूने, मराठीत न झालेली गोष्टही झाल्यासारखी बोलतात. घरातून हाक आली की माणूस जागचा न हलता 'आलोच!' म्हणतो. दूरवर इंजिन दिसले की फलाटावर 'गाडी आली!' असा ओरडा होतो. इथे रूप भूतकाळाचे असले तरी क्रिया व्हायचीच आहे. इंग्रजीत 'आय हॅव कम' चालणार नाही, 'कमिंग!' आणि 'हिअर कम्स द ट्रेन' असे म्हणावे लागते.

लिखित इंग्रजीतून आलेली एक वेगळी रीतही रुजली आहे. बँकेच्या संदेशातले 'हॅज बीन डेबिटेड' आणि रेल्वे तिकिटाच्या स्थितीतले 'चार्ट प्रिपेअर्ड' ही कर्ता नसलेली वाक्ये आहेत. आपल्या सरकारी मराठीतील 'करण्यात आले आहे'ची ती सख्खी भावंडे. आंबेवाले बागायतदारही हल्ली 'युवर पार्सल हॅज बीन डिस्पॅच्ड' असे लिहितात. व्याकरणाने त्यात काही वावगे नाही. पण ज्याने स्वतः आढी लावली, एकेक फळ निवडून गवतात बसवले, त्याने 'आय हॅव सेंट युवर मँगोज' लिहावे. त्या 'आय'मध्ये त्याचे हात दिसतात.

मराठी बोलण्यातही हे शब्द आता घरचे झाले आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे लहान मूलही पाटी पुढे करून 'टीचर, फिनिश्ड!' म्हणते. मोठी माणसे 'पेमेंट डन', 'मी ऑलरेडी सांगितलंय' असे म्हणतात, आणि दुसऱ्या वाक्यात काम झाल्याची खूण दोनदा येते: एकदा 'ऑलरेडी'त, एकदा 'सांगितलंय'च्या 'य'त. 'आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास' या म्हणीतला तक्रारीचा 'आधीच'सुद्धा 'ऑलरेडी'ने उचलला आहे: 'ऑलरेडी गाडी लेट, त्यात हा पाऊस'. 'य' मात्र कोणी सोडलेला नाही. 'मी ऑलरेडी सांगितलं' एवढ्यावर वाक्य थांबले, तर ऐकणारा विचारतो, 'कधी?'