पुढच्या चाकाचा सांधा

जुन्या पिकअपला फोर बाय फोर करून घेतलं, म्हणजे इंजिनाची गती चारही चाकांना दिली, की तिची ताकद दुप्पट होते, असं पुष्कळ लोक खात्रीने सांगतात. तसं होत नाही. इंजिन तेच राहतं, अश्वशक्तीही तीच. उलट जादा गिअर, जादा शाफ्ट आणि जादा एक्सल फिरवण्यात थोडी ताकद खर्चच होते. वाढते ती पकड.

रिकामी पिकअप १५०० किलोची धरा. इंजिन पुढे असल्यामुळे साधारण ९०० किलो भार पुढच्या चाकांवर आणि ६०० मागच्या चाकांवर. ओल्या मातीचा घर्षणांक, म्हणजे भाराच्या किती पट पकड मिळते तो आकडा, ०.३ धरला, तर फक्त मागची चाकं फिरत असताना जमिनीकडून मिळणारा रेटा फार तर १८० किलो. इंजिन कितीही दमदार असलं तरी त्यापुढे चाकं जागच्या जागी गरगरणार. चारही चाकं फिरू लागली की हाच रेटा ४५० किलोंपर्यंत जातो. चढाच्या भाषेत सांगायचं तर पहिली गाडी सात अंशांच्या आसपास अडकेल, दुसरी जवळजवळ सतरा अंश चढेल. (चढावर काही भार मागे सरकतो, तो हिशेबात धरलेला नाही.)

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना, वीजवाहिन्या टाकणाऱ्यांना आणि वनखात्यांना हा फरक कारखान्यांच्या आधी कळला. इंडियानापोलिसच्या मार्मन-हेरिंग्टन कंपनीने १९३५ पासून फोर्डचे ट्रक फोर बाय फोर करून द्यायला सुरुवात केली. तिच्या संस्थापकांपैकी आर्थर हेरिंग्टन १९४२ साली हेन्री ग्रेडी यांच्या अमेरिकी तांत्रिक शिष्टमंडळाबरोबर भारतातही येऊन गेले. पुढे मिनियापोलिसच्या नॉर्थवेस्टर्न ऑटो पार्ट्स कंपनीने, म्हणजे नॅपकोने, शेवरोले आणि जीएमसी पिकअपसाठी ‘पॉवर-पॅक’ नावाचा तयार संच विकला. तो इतका चालला की १९५७ साली शेवरोलेच्या ग्राहकाला तो थेट कारखान्यातूनच बसवून मिळू लागला. फोर्डने स्वतःची फोर बाय फोर पिकअप १९५९ साली आणली, शेवरोलेने १९६० साली.

मागच्या बाजूचं काम त्या मानाने सोपं. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस बसवायची, म्हणजे एका शाफ्टमधून येणारी गती मागे आणि पुढे अशी दोन्हीकडे वाटली जाते. १९५५ च्या मध्यापर्यंतच्या अर्धा टनी शेवरोलेत मात्र मागच्या एक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट लोखंडी नळीत बंद असायचा. ती नळी काढून उघडा शाफ्ट घातल्याशिवाय तिथे ट्रान्सफर केसला जागाच होत नाही.

पुढच्या एक्सलसाठी मागचंच डिफरन्शियल (शाफ्टची गती चाकांकडे वळवणारा गिअरांचा संच) उलटं फिरवून लावलं तर चाकं उलटी फिरतील, अशी शंका अनेकांना येते. नाही फिरणार. पिनियन, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर, मागे तोंड करून बसला की त्याच्या बाजूने पाहताना शाफ्टची दिशा उलटी होते आणि एक्सलचीही उलटी होते. दोन उलट्यांचं एक सुलट. फक्त आता दातांची दुसरी बाजू भार घेते, आणि एक्सलमधल्या तिरप्या दातांच्या हायपॉइड गिअरमध्ये ती बाजू कमी मजबूत असते.

खरी अडचण चाकाजवळ आहे. पुढच्या चाकाला एकाच वेळी फिरायचंही असतं आणि वळायचंही असतं. म्हणजे एक्सलच्या टोकाला, चाक ज्या खिळीभोवती वळतं त्या किंगपिनच्या बरोबर मध्यावर, तीस अंशांपर्यंत वाकणारा आणि वाकलेला असतानाही गती पोचवणारा सांधा हवा. मला विचाराल तर फोर बाय फोरची सगळी करामत या मुठीएवढ्या सांध्यात आहे.

गॅरेजमध्ये ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तो सांधा सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक यांच्या नावाने ओळखला जातो. दोन काटे आणि मध्ये अधिक चिन्हासारखा तुकडा. त्यात एक मूळचा दोष आहे. आत येणारा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरला तरी बाहेर जाणारा तसा फिरत नाही. पहिल्या काट्याच्या पिना पहिल्या शाफ्टला काटकोनात असलेल्या वर्तुळात फिरतात. तेच वर्तुळ दुसऱ्या शाफ्टच्या दिशेने पाहिलं तर तिरप्या धरलेल्या ताटासारखं लंबगोल दिसतं. वर्तुळावर समान अंतराने मारलेल्या खुणा लंबगोलावर असमान पडतात, आणि ती असमानता थेट वेगात उतरते. गणितात, वाकण्याचा कोन β असेल तर बाहेरचा वेग आतल्या वेगाच्या cos β पट आणि १/cos β पट यांच्यामध्ये झुलतो, एका फेऱ्यात दोनदा. दहा अंशांवर फरक दीड टक्का, कुणाला जाणवणारही नाही. तीस अंशांवर मात्र आत १००० फेरे असतील तर बाहेरचा वेग ८६६ ते ११५५ असा खालीवर होतो. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर प्रत्येक फेऱ्यात चाकाला दोन झटके.

प्रॉपेलर शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात. दोन्ही कोन सारखे आणि काटे एका रेषेत ठेवले की पहिल्याची चूक दुसरा पुसून टाकतो. म्हणूनच सरकत्या जोडावर बाणांच्या खुणा असतात. उघडलेला शाफ्ट स्प्लाइनवर (त्या जोडाच्या खाचांवर) नव्वद अंश चुकवून बसवला तर चुका पुसल्या जाण्याऐवजी एकमेकींत मिळतात आणि गाडी थरथरते. पण पुढच्या चाकापाशी दुसऱ्या क्रॉसला जागा कुठे?

उत्तर भूमितीचं आहे. गती ज्या बिंदूंतून जाते ते बिंदू दोन शाफ्टमधला कोन बरोबर दुभागणाऱ्या प्रतलात कायम राहिले, तर दोन्ही शाफ्ट एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं होतात. दोन्हीकडून एकच वर्तुळ दिसतं, मग वेगही एकच. १९२० च्या दशकात फोर्डमधले अभियंता आल्फ्रेड झेप्पा यांनी हे सहा पोलादी गोळ्यांनी साधलं. गोळे आतल्या आणि बाहेरच्या वाटीतल्या खाचांत असतात आणि एक पिंजरा त्यांना त्या दुभाजक प्रतलात धरून ठेवतो. शाफ्ट कितीही वाकवा, पिंजरा त्याच्या बरोबर निम्मा वाकतो. मला या कल्पनेइतकी देखणी यंत्ररचना क्वचितच दिसते. याच सुमारास फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांनी ‘ट्रॅक्टा’ हा वेगळ्या घाटाचा सांधा केला. मारुती ८०० पासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत झेप्पाचाच वारस आहे. वळताना चाकाकडून टक्-टक् आवाज आला, तर रबरी बूट फाटून आत माती गेलेली असते आणि गोळ्यांच्या खाचा झिजलेल्या असतात.

घाटात गाडी निसरते ती पकड कमी पडल्यामुळे. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने टायरचा घर्षणांक बदलत नाही, टायरची नक्षी बघण्याने जीव वाचतो. फोर बाय फोर गाडी निसरड्यावर लवकर थांबते हा जाहिरातींनी पसरवलेला समजही तितकाच घातक आहे. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात.

आणि कोरड्या डांबरावर या जुन्या गाड्यांचा फोर बाय फोर लावू नये. त्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट घट्ट जोडला जातो, पण वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात. ११६ इंच व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) पिकअप घ्या. मागचा एक्सल सहा मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल तर पुढचा ६.७ मीटरवर असतो. पूर्ण फेऱ्यात चार मीटरहून जास्त फरक. चिखलात चाक घसरून तो भरून काढतं, डांबरावर शाफ्ट पिळवटतात आणि फोर बाय फोरचा लिव्हर अडकून बसतो. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर वेगळं असलं, समजा मागे ४.११ आणि पुढे ३.७३, तर सरळ रस्त्यावरही हेच होणार. जुनी पिकअप फोर बाय फोर करताना सगळ्यात आधी दोन्हीकडचे दात मोजावेत ते यासाठी.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपांत पुढच्या चाकांपाशी बेंडिक्स (हाही गोळ्यांचाच), झेप्पा, ट्रॅक्टा आणि साधा क्रॉस असे चारही प्रकारचे सांधे आढळतात. युद्धानंतरच्या जीपांत बहुतेक साधा क्रॉसच राहिला. कारण फोर बाय फोर लागतो तो चिखलात, वाळूत, सावकाश जाताना, आणि तिथे क्रॉसचे झटके मऊ जमीनच गिळून टाकते. शिवाय झिजलेला क्रॉस कुठल्याही तालुक्याच्या गावी, सर्क्लिप काढून हातोडीने ठोकून, बदलता येतो.