फुकटच्या १६० एकरांचा खुलासा

कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांत, जमीन ‘फुकट आणि मोकळी’ मिळत होती, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही शब्द चुकीचे आहेत.

१८७२च्या डॉमिनियन लँड्स कायद्याने १६० एकर मिळायचे ते १० डॉलर शुल्क भरून, आणि तेही अटींवर. तीन वर्षं, दरवर्षी निदान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं, ठरलेली जमीन नांगरून लागवडीखाली आणायची. तेव्हा कुठे मालकीचा कागद हाती येई. पुढे अठरा वर्षांच्या मुलालाही स्वतंत्र अर्ज करता येऊ लागला, म्हणून बाप-लेक शेजारशेजारचे तुकडे धरत. खरा खर्च पुढे होता: बैल, नांगर, बियाणं, विहीर, पहिलं पीक येईपर्यंतचा शिधा. झाडं नसलेल्या भागात लाकूडही विकतच. म्हणून अनेकांचं पहिलं घर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांचं असे. पावसात ते गळायचं. घरातला तरुण मुलगा बहुधा रेल्वेच्या कामावर किंवा दुसऱ्याच्या कापणीला जाऊन रोख पैसा आणी. कित्येकांनी मालकी मिळण्याआधीच जमीन सोडली.

‘मोकळी’ हा शब्द तर मला जास्त खुपतो. तिथे क्री, ब्लॅकफूट, असिनिबॉइन, मेटी हे मूळनिवासी लोक राहत होते. १८७१ ते १८७७ या काळात सरकारने जमिनीसाठी मूळनिवासींशी सात करार केले. ज्यांच्या शिकारीवर ते जगत ते बायसन (रानगव्यांसारखे प्राणी) संपत आले, उपासमार पसरली, आणि त्यांच्यासाठी आखलेल्या राखीव क्षेत्रात जायला नकार देणाऱ्यांचा शिधा अधिकाऱ्यांनी अडवला. नंतर आलेल्या कुटुंबांना दिसलेला रिकामेपणा असा घडवलेला होता.