मजकूर व संगीत यांतील सांख्यिकीय आकृतिबंध

मजकुरातील वर्ण व शब्द किंवा संगीतातील स्वर किती वेळा येतात आणि कशामागून काय येते, यांच्या मोजणीतून दिसणाऱ्या नियमिततेला सांख्यिकीय आकृतिबंध म्हणतात. पुढे काय येईल याची अनिश्चितता मोजण्याचे साधन माहिती सिद्धांताने, म्हणजे माहितीचे गणिती मोजमाप करणाऱ्या शास्त्राने, पुरविले.

या अभ्यासातील पायाभूत काम रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांचे आहे. पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या पद्य-कादंबरीतील २०,००० वर्ण त्यांनी मोजले आणि १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीपुढे निष्कर्ष मांडले. एकूण वर्णांत स्वरवर्ण सुमारे ४३ टक्के होते. मात्र स्वरवर्णामागून पुन्हा स्वरवर्ण येण्याचे प्रमाण जेमतेम १३ टक्के, तर व्यंजनामागून तो येण्याचे सुमारे ६६ टक्के होते. प्रत्येक वर्ण मागच्या वर्णावर अवलंबून असतो, हे यातून आकड्यांनी सिद्ध झाले. अशा परावलंबी क्रमालाच आज ‘मार्कोव्ह साखळी’ म्हणतात.

माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये पुढे काय येईल याच्या अनिश्चिततेला ‘एंट्रॉपी’ हे माप दिले व त्यासाठी ‘बिट’ (दोन समान शक्यतांतून एक निवडण्याइतकी माहिती) हे एकक वापरले. इंग्रजीतील २६ अक्षरे आणि मोकळी जागा समान संभाव्य मानल्यास प्रत्येक चिन्हामागे सुमारे ४.७६ बिट माहिती असेल. शॅनन यांनी वाचकांना पुढचे अक्षर ओळखायला सांगून १९५१ मध्ये काढलेला अंदाज मात्र ०.६ ते १.३ बिट एवढाच होता. हे माप अर्थाविषयी काहीही सांगत नाही, आणि शॅनन यांनी ही मर्यादा आरंभीच स्पष्ट केली होती. शब्दाची वारंवारता, वारंवारतेनुसार लावलेल्या यादीतील त्याच्या क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणात घटते, या भाषाशास्त्रज्ञ झिफ यांच्या नियमाबाबतही हीच सावधगिरी हवी, कारण यदृच्छेने टंकलिखित केलेल्या निरर्थक मजकुरातही जवळपास तसाच आलेख मिळतो.

संगीतात हिलर व आयझॅकसन यांनी इलिनॉय विद्यापीठातील संगणकाकडून रचून घेतलेल्या ‘इलियाक सुइट’ (१९५७) या चतुर्वाद्य-रचनेच्या चौथ्या भागात मार्कोव्ह साखळ्या वापरल्या.

भारतीय रागसंगीतात मोजणीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच असल्याने केवळ स्वरांची यादी त्यांना वेगळे करू शकत नाही. भूपाचा वादी (रागातील प्रमुख स्वर) गंधार व देशकाराचा धैवत असल्यामुळे स्वरांची वारंवारता आणि त्यांची परस्पर जोडणी मोजल्यास फरक हाती लागू शकतो. तथापि स्वरावरचा ठहराव आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) यांची नोंद केली नाही, तर रागाचे चलन, म्हणजे त्यातील स्वरांची विशिष्ट चाल, त्या आकड्यांतून निसटते.