लहान आतड्यातील जिवाणूंची अतिवाढ : प्रतिजैविकाची निवड

लहान आतड्यात एरवी तुरळक असणारे जिवाणू बेसुमार वाढतात आणि अन्न अंगी लागण्याआधीच ते आंबवू लागतात, तो हा विकार. डॉक्टर त्याला ‘सिबो’ म्हणतात. मोठ्या आतड्यात जिवाणूंची दाट वस्ती असते आणि ती तिथे हवीच. लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र दर मिलिलिटर द्रवात त्यांची संख्या सहसा हजाराच्या आत राहते. जठरातील आम्ल, पित्त आणि लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप या संख्येला आवर घालतात. त्यांच्या जोडीला आतड्याची स्वतःची झाडलोटही असते : पोट रिकामे असताना दर ९० ते १२० मिनिटांनी आकुंचनाची एक लाट उठते आणि उरलेसुरले अन्न जिवाणूंसह पुढे लोटते. यातले काही बिघडले की जिवाणू साठतात. मग जेवल्यावर पोट गच्च होते, गुबारा धरतो, गुरगुरते, जुलाब होतात किंवा उलट बद्धकोष्ठ होते. दुखणे जुने झाले की वजन उतरते आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी पडते.

मराठवाड्यात हे दुखणे बहुतेकदा गॅसची तक्रार म्हणून पुढे येते आणि त्यावरचा पहिला उपचार मेडिकलच्या काउंटरवरच होतो. सकाळी उपाशीपोटी घ्यायची पॅन्टोप्राझोलची गोळी आणि जुलाब असतील तर ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी, तीही तीन-चार दिवसांची. जोडगोळीने काही जिवाणू मरतात, पोट हलके होते, आणि काही आठवड्यांनी सगळे पुन्हा सुरू होते. पॅन्टोप्राझोल मात्र वर्षानुवर्षे चालू राहते. आम्ल दाबणारी ही गोळीच अतिवाढीला वाट करून देणाऱ्या कारणांपैकी एक आहे. म्हणून गुणकारी प्रतिजैविकाचा शोध सुरू करण्याआधी रुग्ण रोज काय घेतो, हे विचारलेच पाहिजे.

निदानाची सर्वांत थेट रीत म्हणजे दुर्बिणीतून लहान आतड्यातील द्रव काढून जिवाणूंची वाढ मोजणे. पूर्वी दर मिलिलिटर एक लाखाची मर्यादा मानत. आता एक हजार किंवा त्याहून अधिक वाढ अतिवाढ धरतात. ही रीत अवघड आणि खर्चिक असल्याने व्यवहारात श्वासचाचणी वापरली जाते. रुग्णाला ७५ ग्रॅम ग्लुकोज किंवा १० ग्रॅम लॅक्टुलोज (लहान आतड्यात न पचणारी साखर) पाजतात. जिवाणू ती आंबवतात तेव्हा वायू होतो आणि तो रक्तावाटे श्वासात उतरतो, म्हणून ठरावीक वेळाने फुंकर मारायला लावून श्वासातला वायू मोजतात. ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दहा लाख भागांत २० भागांनी वाढला तर चाचणी सकारात्मक. मिथेन कोणत्याही वेळी १० भागांवर गेला तर मिथेनचा प्रकार. लॅक्टुलोज झपाट्याने मोठ्या आतड्यात पोचले तर खोटा सकारात्मक निकाल येतो. भारतीय लोकांत अन्न तुलनेने लवकर पुढे सरकते, म्हणून इथे ग्लुकोजची चाचणी अधिक भरवशाची. उलट ग्लुकोज वरच्या भागातच शोषले जाते, त्यामुळे आतड्याच्या शेवटाकडची अतिवाढ तिच्यातून निसटू शकते. चाचणीआधी ४ आठवडे प्रतिजैविक घेतलेले नसावे, आदल्या दिवशी डाळी-उसळी टाळाव्यात आणि ८ ते १२ तास उपाशी राहावे. मेडिकलवरून गोळ्या घेऊन आलेल्या रुग्णाची चाचणी म्हणूनच वाया जाते.

औषधाची निवड वायूवर ठरते. हायड्रोजनच्या प्रकारात आज पहिली पसंती रिफॅक्सिमिनला आहे : ५५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, १४ दिवस. तोंडावाटे घेतलेल्या या औषधाचा ०.४ टक्क्याहून कमी भाग रक्तात उतरतो, बाकी सारा आतड्यातच काम करतो. दुष्परिणाम कमी असण्याचे कारण हेच. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये प्रवाशांच्या जुलाबासाठी, २०१० मध्ये यकृतजन्य मेंदूविकारासाठी आणि २०१५ मध्ये जुलाबप्रधान क्षुब्ध आतड्याच्या विकारासाठी (आयबीएस) मान्यता मिळाली. सिबोसाठी स्वतंत्र मान्यता नाही, तरी जगभर ते याच कामी वापरले जाते. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर सुमारे ७० टक्के रुग्णांत अतिवाढ ओसरलेली दिसते.

आपल्याकडची अडचण औषधाची नसून मात्रेची आहे. पूर्ण उपचाराच्या ४२ गोळ्या होतात आणि मजुरीवर चालणाऱ्या घराला त्यांचा खर्च जड जातो. मग ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, आठवडाभर घेतल्या जातात आणि औषध लागू पडले नाही असे ठरते. दिवसाला १६०० आणि १२०० मिलिग्रॅम देऊन झालेल्या एका इटालियन तुलनेत ग्लुकोज चाचणी सुधारण्याचे प्रमाण अनुक्रमे ८० आणि ५८ टक्के होते. त्याहून कमी मात्रेत यश आणखी घसरते. पैसे पुरणार नसतील तर रिफॅक्सिमिन अर्धवट देण्यापेक्षा स्वस्तातले दुसरे औषध पुरते देणे केव्हाही चांगले.

अशी औषधे आहेत. मेट्रोनिडाझोल २५० मिलिग्रॅम तीनदा, डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा, नॉरफ्लॉक्सासिन ४०० मिलिग्रॅम दोनदा, सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम दोनदा, तसेच अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट आणि कोट्रायमॉक्साझोल. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत नॉरफ्लॉक्सासिनचा अभ्यास झाला असून क्षुब्ध आतड्याबरोबर अतिवाढ असलेल्यांना त्याचा उपयोग झाला. ही औषधे रक्तात उतरतात, त्यामुळे पथ्ये आली. मेट्रोनिडाझोलवर दारू वर्ज्य. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दूध-ताकाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतल्यास नीट शोषली जात नाहीत. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहींची साखर सिप्रोफ्लॉक्सासिनने एकदम उतरू शकते.

मिथेनच्या प्रकारात रिफॅक्सिमिन एकटे कमी पडते. मिथेन तयार करणारा मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी हा मुळात जिवाणू नव्हे, तो आर्किया या वेगळ्या गटातला आहे. तो वाढला की आतडे मंदावते आणि बद्धकोष्ठ होते. अशा वेळी रिफॅक्सिमिनबरोबर निओमायसिन ५०० मिलिग्रॅम दोनदा, १४ दिवस देतात. निओमायसिनने कान आणि मूत्रपिंडाला इजा होण्याची शक्यता असते. मूत्रपिंड आधीच थकलेल्याला ते देऊ नये.

मराठवाड्यात, किंबहुना भारतात कुठेही, यापुढची पायरी गाळणे धोक्याचे आहे : आतड्याचा क्षय नाही ना, हे पाहणे. लहान आतड्याचा शेवट मोठ्या आतड्याला मिळतो तिथे क्षयाने आतडे अरुंद होते, मागे अन्न तुंबते आणि अतिवाढ होते. संध्याकाळचा ताप, उतरते वजन, पोटाच्या उजव्या खालच्या भागात दुखणे, पोटात गोळा फिरणे अशा खुणा असतील तर श्वासचाचणी सकारात्मक आली म्हणून थांबू नये. ओफ्लॉक्सासिनसारखी औषधे क्षयाच्या जंतूंनाही तात्पुरती दाबतात, त्यामुळे बरे वाटते आणि निदान महिनोन् महिने लांबते. रिफॅक्सिमिन हे क्षयावरच्या रिफॅम्पिसिनच्याच कुळातले. म्हणून शंका असेल तिथे आधी मोठ्या आतड्याची दुर्बीण, आतड्याच्या तुकड्याची तपासणी (बायॉप्सी) आणि सीबीनॅट, म्हणजे क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा नांदेड, लातूर, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अशा रुग्णाने वेळेत पोचणे कोणत्याही प्रतिजैविकाहून मोलाचे. जुनाट जुलाब आणि पंडुरोग यांसह येणारी उष्णकटिबंधीय संग्रहणीही डोळ्यांपुढे ठेवावी. तिला टेट्रासायक्लिन आणि फॉलिक आम्ल तीन ते सहा महिने द्यावे लागते. चौदा दिवसांत ती हटत नाही.

उपचार लागू पडला तरी परतफेरा ठरलेलाच म्हणावा इतका सामान्य आहे. रिफॅक्सिमिनने बऱ्या झालेल्यांपैकी ३ महिन्यांत १२.६, ६ महिन्यांत २७.५ आणि ९ महिन्यांत ४३.७ टक्के लोकांत अतिवाढ परतल्याचे एका पाहणीत दिसले. मधुमेहाने मंदावलेले आतडे, थायरॉइडची कमतरता, जुन्या शस्त्रक्रियेने चिकटलेली आतडी, वर्षानुवर्षांची आम्लरोधक गोळी : कारण जागेवर असेल तर जिवाणू परततात. मधुमेहात साखर ताब्यात आणणे हा इथे प्रतिजैविकाइतकाच महत्त्वाचा उपचार. आतड्याला चालना देण्यासाठी काहींना प्रुकॅलोप्राइड किंवा रात्री अगदी थोडे एरिथ्रोमायसिन देतात.

आहारात मराठवाड्याची ज्वारीची भाकरी बाधत नाही. गव्हाच्या पोळीपेक्षा ती कमी आंबते. बाधतात ते कांदा, लसूण आणि तुरीच्या डाळीचे घट्ट वरण. ते काही आठवडे कमी करून मग एकेक परत आणावेत. कायमचे तोडले तर खाणे उगाच तोकडे होते. दोन खाण्यांत चार-पाच तास मोकळे सोडावेत. दर तासा-दोन तासांनी घेतलेला दूध-साखरेचा चहाही खाण्यातच मोजायचा, कारण त्याने झाडलोटीची लाट थांबते.

पहिल्या पूर्ण उपचाराने काही महिने आराम पडून त्रास परतला तर तेच औषध पुन्हा देता येते. मुळीच फरक पडला नाही तर प्रतिजैविक बदलत बसण्याऐवजी निदान नव्याने तपासावे.